डोक्याच्या जागी सुगरणीचे घरटे

गेल्या वर्षी नाशिकमधल्या माझ्या समुपदेशन केंद्राची जागा बदलली, तेव्हा बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर काय लावावे, हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. बाजारात मिळणारी धबधब्याची, सूर्योदयाची आणि एकावर एक गुळगुळीत दगड रचलेली चित्रे मला नको होती, कारण आतून ढवळून निघालेल्या माणसाला अशी चित्रे दिलासा देत नाहीत, तर ‘आता शांत व्हा’ असा हुकूमच सोडतात. अशा वेळी एका परिचितांकडे सहा डिजिटल चित्रांचा एक संच पाहण्यात आला. प्रत्येक चित्रात एक माणूस, त्याच्याबरोबर एक पक्षी किंवा पक्ष्यांचा थवा, आणि तो पक्षी म्हणजे त्या माणसाचे मन. मी तो संच मागवला. आता त्याला एक पूर्ण पावसाळा उलटून गेला आहे आणि रोज नजरेसमोर असलेल्या चित्रांबद्दल जे ठामपणे सांगता येते, ते सांगण्याची वेळ आली आहे. चित्रकार आपले काम ओळखीतूनच विकतात आणि जाहीर लिखाणात नाव येऊ नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे मी ते दिलेले नाही. परंतु या धाटणीची चित्रे आता अनेकजण करतात आणि विकतात, तेव्हा ती घेताना काय पाहावे, हे माझ्या अनुभवावरून इतरांना ठरवता येईल.

आधी वस्तूविषयी. संचातली सहाही चित्रे ए-३ आकाराची, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरची आहेत. कागद संपूर्ण कापसाचा, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा आणि हाताला किंचित खरखरीत लागणारा आहे. छपाई रंगद्रव्याच्या शाईने केलेली आहे. अशा छपाईला ‘जिक्ले’ म्हणतात. हा शब्द १९९१ मध्ये अमेरिकेतील छपाईतज्ज्ञ जॅक डुगान यांनी फ्रेंच भाषेतून घडवला, कारण ‘इंकजेट’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कार्यालयातला प्रिंटर उभा राहत असे. आज मात्र कोणतीही रंगीत छपाई जिक्ले म्हणून खपवली जाते, म्हणून नावावर न जाता कागद कशाचा आहे आणि शाई रंगद्रव्याची आहे की विरघळणाऱ्या रंगाची, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला अवश्य विचारावेत. तिसरा प्रश्न मूळ फाइलच्या आकाराचा. ए-३ आकारात ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची स्वच्छ छपाई हवी असेल, तर फाइल किमान ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची असावी लागते. लहान फाइल ताणून मोठी केली की सर्वांत आधी पिसांच्या कडा विरघळतात, आणि पक्ष्यांच्या चित्रात पिसांच्या कडा गेल्या की उरते ते नुसते रंगांचे डाग. माझ्या या तिन्ही प्रश्नांना चित्रकारांनी त्याच दिवशी उत्तरे दिली. संचाची किंमत चौदा हजार चारशे रुपये पडली.

संचातले सर्वोत्तम चित्र सुगरणीच्या घरट्याचे आहे, आणि त्या एकट्यासाठीसुद्धा मी एवढे पैसे मोजले असते. धोतर आणि बंडी घातलेला एक वयस्क माणूस विहिरीच्या काठावर बसलेला आहे. मानेपर्यंत तो अगदी साधा, ओळखीचा माणूस आहे. मानेच्या वर मात्र डोक्याऐवजी वरच्या बाभळीच्या फांदीवरून लोंबणारे सुगरणीचे घरटे आहे. ते घरटे पुरे झालेले नाही. अर्धवट विणलेल्या टोपीसारखे ते खालून उघडे आहे आणि त्याच्या आडव्या पट्टीवर पिवळ्या माथ्याचा नर चोचीत गवताची पात धरून बसला आहे. विहिरीच्या पाण्यात जे प्रतिबिंब पडले आहे, त्यात मात्र घरटे नसून त्या माणसाचा चेहरा आहे. तो चेहरा दुःखी नाही, आनंदीही नाही. हिशेब चुकला असेल का, असे आठवून पाहणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे.

या चित्राची ताकद घरट्याच्या अर्धवटपणात आहे, आणि तो अर्धवटपणा चित्रकाराने मनाने रचलेला नाही. आपण मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणून विणकामाचे सगळे श्रेय मादीला देत आलो असलो, तरी घरटे विणतो तो नर. आधी एक कडे, मग त्यावर टोपीसारखा घुमट, इथवर आले की तो थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. एखादी मादी येऊन आत बसून पाहते आणि तिने पसंत केले तरच पुढची लांब नळी विणली जाते. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला गेलेल्या कोणीही एकाच बाभळीवर पुरी आणि अर्धी घरटी शेजारीशेजारी पाहिली असतील. माझ्यासमोर रोज माणसे बसतात ती अशाच मनांची: सुरुवात करून कोणाच्या तरी पसंतीची वाट पाहत थांबलेली. चित्रकाराला हे नेमके कळलेले आहे. त्याहून मला भावली ती एक बारीक गोष्ट. घुमटाच्या आतल्या बाजूला, भिंग लावून पाहिले तरच दिसतील असे, ओल्या मातीचे दोन-तीन गोळे लावलेले आहेत. सुगरण नर खरोखरच घरट्याच्या आत चिखल लिंपतो. ही गोष्ट चित्राच्या अर्थासाठी मुळीच आवश्यक नव्हती, बहुतेक पाहणाऱ्यांच्या लक्षातही येणार नाही, आणि तरीही ती तिथे आहे, यावरून चित्रकार बाभळीखाली जाऊन उभे राहिले होते, अशी माझी खात्री झाली.

मन म्हणजे पक्षी ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. बहिणाबाई चौधरींनी मनाला पाखरू म्हटले ते आपल्याकडे शाळेपासून पाठ असते. प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या आत्म्याचा एक अंश, ज्याला ते ‘बा’ म्हणत, माणसाचे डोके असलेल्या पक्ष्याच्या रूपात काढलेला आढळतो. नॉर्स पुराणकथांमध्ये ओडिन देवाचे दोन डोमकावळे रोज जगभर फिरून त्याला वार्ता आणून देतात आणि त्यांच्या नावांचे अर्थ विचार आणि स्मृती असे आहेत. तेव्हा माणसाच्या डोक्याजवळ पक्षी काढला, एवढ्यावरून कोणाचीही पाठ थोपटण्याचे कारण नाही. पक्षी कोणता आहे, तो काय करतो आहे आणि तो खरा पक्षी आहे की पंख लावलेली नुसती कल्पना आहे, यावर सगळे अवलंबून आहे, आणि या कसोटीवर सहापैकी चार चित्रे उतरतात, दोन उतरत नाहीत.

दुसरे उत्तम चित्र छोट्या खंड्याचे. एक तरुण मुलगी डोळे मिटून उताणी झोपली आहे, तिचे कपाळ म्हणजे काठोकाठ भरलेला तलाव आहे आणि वरून खंड्या त्यात सूर मारतो आहे. चोच पाण्याला टेकली आहे, पण पाणी अजून हललेले नाही. आठवणीत एकदम काहीतरी खुपते, त्याच्या आधीचा हा क्षण आहे. खंड्याच्या डोळ्यावर अर्धपारदर्शक पातळ पडदा ओढलेला दाखवला आहे, कारण पाण्यात शिरताना हा पक्षी खरोखर तसा पडदा ओढून घेतो. वर डोळ्यावर पडदा घेतलेला पक्षी आणि खाली डोळे मिटलेली मुलगी. दोघेही काहीतरी शोधत आहेत आणि दोघांनाही उघड्या डोळ्यांनी तिथे जाता येत नाही. हे साम्य चित्रकाराने कुठेही अधोरेखित केलेले नाही.

मात्र या चित्राच्या छपाईबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोनवर पाहताना खंड्याच्या पाठीचा निळा अक्षरशः पेटलेला दिसतो. कागदावर तो तितका पेटत नाही. यात फसवणूक नाही, यात पदार्थविज्ञान आहे. खंड्याच्या पोटाकडचा नारिंगी रंग हा रंगद्रव्याचा असतो, पण पाठीवरच्या निळ्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातला निळा भाग परत फेकला जातो आणि आपल्याला निळा दिसतो. म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा निळाही एका अर्थाने प्रकाशच असतो आणि पडद्यावरचा निळाही प्रकाशच. कागदावरची शाई मात्र प्रकाश शोषून रंग दाखवते, त्यामुळे ती या शर्यतीत मागे पडणारच. चित्रकारांनी ऑर्डरच्या वेळीच हे मला सांगितले होते आणि फोनची चमक निम्म्यावर आणून चित्र पाहा, म्हणजे कागदावर साधारण कसे दिसेल ते कळेल, असा सल्ला दिला होता. तो अगदी बरोबर निघाला. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते.

अशी चित्रे आज यंत्राला चार वाक्ये सांगूनही तयार करून घेता येतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी मी चित्रकारांना त्याविषयी विचारले होते. त्यांनी राग न मानता व्हिडिओ कॉलवर सुगरणीच्या चित्राची मूळ फाइल उघडून तिचे थर एकेक करून बंद करून दाखवले: आधी पात गेली, मग पक्षी, मग घरटे, आणि शेवटी स्वतः काढलेल्या छायाचित्रातली विहीर तेवढी उरली. फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ मध्ये आली आणि या प्रकारच्या कलेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, पण पद्धत त्याच्याही आधीची. अतिवास्तववादी चित्रकार माक्स एर्न्स्ट जुन्या छापील पुस्तकांतली रेखाचित्रे कात्रीने कापून माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी बसवत असत. त्यांच्या लहानपणी घरातला पाळलेला काकाकुवा मेला आणि त्याच सुमारास बहीण जन्मली. तेव्हापासून पक्षी आणि माणूस यांची त्यांच्या मनात सरमिसळ झाली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्यांनी ‘लोपलोप’ नावाचा एक पक्षीच आपले दुसरे रूप म्हणून चित्रांत आणला. एर्न्स्ट यांच्या कात्रीच्या कामात जोड लपवलेला असतो, पण तो आहे हे जाणवते आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. आपल्या चित्रकारांनीही मान आणि घरटे यांच्या जोडाशी धूसरपणाचे साधन वापरून तो पुसून टाकलेला नाही. बंडीच्या गळ्यातून गवताच्या दोन काड्या बाहेर आल्या आहेत, एवढेच. डिजिटल साधनांत सगळे गुळगुळीत करण्याचा मोह फार मोठा असतो आणि तो त्यांनी आवरला आहे.

पिंगळ्याच्या, म्हणजे लहान घुबडाच्या, चित्रावर फार लिहिण्याची गरज नाही. ते चांगले आहे. नऊवारी नेसलेली बाई पाठमोरी चालली आहे आणि तिचा पिंगळ्याचा चेहरा सरळ आपल्याकडे वळलेला आहे. माणसाच्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा, आणि म्हणूनच घुबडाला जे सहज जमते ते माणसाला भीतिदायक दिसते. झोप न लागणारी माणसे या चित्रासमोर थांबतात. बाईच्या खांद्यावर टेकलेल्या पंजाची बोटे मी मुद्दाम मोजली: दोन पुढे, दोन मागे, घुबडाची असावीत तशीच. यंत्राने केलेल्या चित्रांत बहुधा पंजांवरच चोरी पकडली जाते.

चौथे चित्र दोन पक्ष्यांचे, आणि त्याचा आधार मुंडकोपनिषदातला आहे हे उघड आहे: एकाच झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. चित्रकाराने झाड म्हणून माणसाचा मज्जारज्जू आणि त्याच्या फांद्या घेतल्या आहेत आणि पक्षी म्हणून हरियालाची जोडी. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, आणि वडा-पिंपळाच्या फळांवर जगणारा. त्याला पानांत ओळखणे इतके अवघड, की पाहणारा दुसरा पक्षी सापडायला मला दोन दिवस लागले. समुपदेशनात आम्ही माणसाला स्वतःच्या विचारांकडे थोडे बाजूला होऊन पाहायला शिकवतो, तेव्हा हे चित्र माझ्या स्वतःच्या खुर्चीसमोर लावले आहे. रंग थोडे अधिक गडद चालले असते.

आता न जमलेली दोन. पहिल्यात ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचा प्रचंड थवा उडतो आहे आणि थव्याच्या आकारातून एक मानवी चेहरा तयार होतो आहे. कल्पना फार सुंदर आहे. साळुंक्यांच्या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या थव्याला पुढारी नसतो; रोममध्ये युरोपियन साळुंक्यांच्या थव्यांचा जो अभ्यास झाला, त्यात प्रत्येक पक्षी साधारण सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवून वळतो असे दिसून आले. मनातही कोणी एक सूत्रधार नसतो, विचाराला विचार ढकलत असतो आणि त्यातून कधीतरी ‘मी’ असा चेहरा दिसतो. हे सांगायला याहून योग्य पक्षी मिळाला नसता. परंतु भिंग लावताच सगळा खेळ उघडा पडतो. चित्रकाराने पाच-सहा पक्षी काढून त्यांच्याच शेकडो प्रती पसरल्या आहेत. डावा पंख खाली झुकलेला एकच पक्षी मी चेहऱ्याच्या गालावर अकरा वेळा मोजला. थव्यात प्रत्येकजण शेजाऱ्याला पाहून वळतो हाच जर अर्थ असेल, तर शेजाऱ्याकडे न पाहणाऱ्या, शिक्क्यासारख्या उमटवलेल्या पक्ष्यांनी तो अर्थच मोडतो. त्यातही काही प्रती उलटवल्या आहेत, त्यामुळे प्रकाश एका बाजूने येत असताना त्यांच्या सावल्या दुसऱ्या बाजूला पडल्या आहेत. हे मी चित्रकारांना लिहून कळवले आणि त्यांनी ते मान्य केले. लांबून, सहा-सात फुटांवरून चित्र छान दिसते, म्हणून ते मी जिन्याच्या वळणावर लावले आहे.

दुसरे न जमलेले चित्र पिंजऱ्याचे. डोक्याच्या जागी सोनेरी पिंजरा, त्याचे दार उघडे, सोनेरी पक्षी बाहेर उडताहेत. हे चित्र सर्वाधिक विकले जाते असे मला सांगण्यात आले आणि त्याचे मला नवल वाटत नाही, पण ते मी भिंतीवर लावलेले नाही. हे पक्षी कोणत्याच जातीचे नाहीत. त्यांच्या पंखांत मोठ्या पिसांची रांगसुद्धा नीट नाही आणि पिसाची रुंद बाजू पुढे, अरुंद बाजू मागे अशी उलटी रचना आहे, ज्याने कोणताही पक्षी उडू शकणार नाही. रने माग्रीत यांनी १९६४ मध्ये गोल टोपीवाल्या माणसाच्या तोंडासमोरून एक पांढरे कबुतर उडताना दाखवले, तेव्हा त्या कबुतराने चेहरा झाकून टाकला आणि पाहणाऱ्याला काहीही सांगितले नाही. त्यांच्याच १९३६ च्या चित्रात चित्रकार टेबलावरचे अंडे पाहतो आहे आणि कॅनव्हासवर पंख पसरलेला पक्षी काढतो आहे. दोन्ही चित्रे प्रश्न मागे ठेवतात. पिंजऱ्याचे चित्र उत्तर हातात देते, आणि तेही ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले: मन मोकळे करा, उडा. ज्याच्या पिंजऱ्याचे दार बाहेरून बंद आहे, म्हणजे घरात त्रास आहे, नोकरी गेली आहे, आजारपण आहे, त्याला हे चित्र ‘दार तर उघडेच आहे, तूच उडत नाहीस’ असे म्हणते. माझ्या खोलीत बसलेल्या माणसाला हे ऐकावे लागू नये. चित्रकारांनी ते परत घेऊन दोन हजार चारशे रुपये परत केले, आणि तेही कारण नीट ऐकून घेऊन.

सेवेबद्दल माझी तक्रार एकाच बाबतीत होती, आणि ती कुरिअरची. सहाही चित्रे एका जाड पुठ्ठ्याच्या नळीत, मधे आम्लविरहित पातळ कागद घालून गुंडाळून आली होती, पण नळी वाटेत एका टोकाला दबली आणि पिंगळ्याच्या चित्राचा कोपरा मुडपला. छायाचित्र पाठवल्यावर आठ दिवसांत नवी प्रत आली. इतका जाड कागद गुंडाळून पाठवला की तो पुन्हा सपाट व्हायला वेळ लागतो. चित्रे उघडून, वर स्वच्छ कागद आणि त्यावर वजन ठेवून तीन-चार दिवस थांबावे, उलट्या बाजूने गुंडाळून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. फ्रेमसाठी मी गावातल्याच फ्रेमवाल्यांकडे गेले आणि काच व चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालण्याचा आग्रह धरला. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद काचेला चिकटला की शाई निघून येते आणि कापसाच्या कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. फ्रेमच्या मागच्या बाजूला कागदी पट्टी लावून कसरीची वाट बंद केली. पावसाळ्यानंतर सगळी चित्रे उतरवून तपासली. रंग, कागद, कोपरे, सगळे जसेच्या तसे आहे.

चित्रकारांनी परवा कळवले की पुढचे चित्र टिटवीचे असेल. टिटवी उघड्या जमिनीवर, दगडगोट्यांत अंडी घालते आणि कोणी जवळ आले की अंड्यांपासून दूर जाऊन आकांत मांडते, म्हणजे लक्ष तिकडे जावे. माणसे आपल्या सर्वांत नाजूक गोष्टीबद्दल बोलताना नेमके असेच करतात, हे मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. मी त्या चित्राची एक प्रत आगाऊ पैसे भरून मागवली आहे, आणि मागणीसोबत एवढेच लिहिले आहे की टिटवीच्या डोळ्यापुढची लाल कातडी विसरू नका, आणि अंडी दाखवलीत तर ती दगडांतून शोधावी लागतील अशीच दाखवा.